तुझं काय म्हणणं?

गेल्या महिन्यात पुतणी घरी आली होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयेल्ट्सचा क्लास लावलाय, खांद्यावरच्या पिशवीत दोन जाडजूड पुस्तकं होती. पोहे खाता खाता तिने विचारलं, “काका, तुला सात बँड आले होते ना? मग तू गेला का नाहीस?”

मी नेहमीचं उत्तर दिलं, “तेव्हा जमलं नाही ग.” पण ती गेल्यावर वाटलं, हे उत्तर खरं नाही. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. बडोद्यात आज घरटी एक मूल या परीक्षेच्या मागे आहे, म्हणून ते इथेच लिहून टाकतो.

गोष्ट २०११ची. मी कलाभवनात बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं घर दांडिया बाजारात. कॉलेजला चालत जायचो. अलकापुरीपासून कारेलीबागेपर्यंत भिंतीभिंतीवर आयेल्ट्स क्लासचे फलक तेव्हाही होते. मी परदेशी जावं हे कुणी ठरवलं ते आता आठवत नाही. मी ठरवलं नव्हतं, एवढं नक्की. बाबा नंदेसरीच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या खात्यातल्या दोघांची मुलं इंग्लंडला गेली होती. “तुझं पण करून टाकू,” असं एकदा जेवताना म्हणाले आणि ते झालंच. वर्षभराचा मास्टर्स कोर्स, घर तारण ठेवून पंधरा लाखांचं कर्ज, आणि विद्यापीठाची अट अशी की आयेल्ट्सला एकूण साडेसहा हवेत आणि कुठल्याही विभागात सहाच्या खाली नको.

माझं शिक्षण गुजराती माध्यमात झालं. इंग्रजी आलं ते पाचवीत. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत. वाचायला अडचण नव्हती, ऐकलेलं कळायचं. बोलायची वेळ आली की मात्र वाक्य आधी गुजरातीत तयार व्हायचं, मग मराठीत त्याची खातरजमा व्हायची आणि ते इंग्रजीच्या दारात पोहोचेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिचे चार भाग असतात. ऐकण्याच्या भागात चाळीस प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. वाचनात तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि एक तास. लेखनात एका तासात दोन कामं: पहिल्यात एखादा आलेख किंवा तक्ता बघून किमान १५० शब्दांत त्याचं वर्णन करायचं, दुसऱ्यात एखाद्या प्रश्नावर किमान २५० शब्दांत आपलं मत मांडायचं. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. शेवटी परीक्षकासमोर बसून ११ ते १४ मिनिटं बोलायचं. त्यात मध्येच एक कार्ड हातात देतात. विचाराला एक मिनिट, मग त्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. प्रत्येक भागाला नऊपैकी बँड मिळतो आणि चौघांची सरासरी काढतात.

क्लासमध्ये आम्हाला या सगळ्याचं तयार औषध मिळालं. निबंधाचा साचा ठरलेला. सुरुवात “इन दिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन”ने करायची, मग फायदे, मग तोटे, शेवटी “एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स”. विषय प्लास्टिकचा असो की वृद्धाश्रमाचा, साचा तोच. भारदस्त शब्दांची यादी होती. “मेनी” लिहायचं नाही, “प्लेथोरा” लिहायचं. मी आठशे शब्द पाठ केले. कार्डांवरचे तीस विषयही पाठ केले. त्यात माझा आवडता प्रवास म्हणून जिनिव्हाचं वर्णन होतं. मी तोवर सापुताऱ्याच्या पलीकडे गेलो नव्हतो.

ऑक्टोबरात परीक्षा दिली. तेरा दिवसांनी निकाल आला. ऐकण्यात सात, वाचनात साडेसहा, बोलण्यात सहा, लेखनात साडेपाच. सरासरी सव्वासहा. या परीक्षेत सरासरी पाववर आली की वरच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणजे एकूण साडेसहा झाले. पण लेखनाचे साडेपाच अटीत बसेनात. आता संगणकावरच्या परीक्षेत एकच भाग पुन्हा द्यायची सोय आहे, तेव्हा ती नव्हती. चारही भाग पुन्हा आणि फीही पुन्हा पूर्ण. ती आईने दिवाळीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिली. त्या वर्षी आमच्याकडे नवे कपडे झाले नाहीत. कुणी काही बोललं नाही, म्हणून जास्त लागलं.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर राहायचे. मी माझी सरावाची वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी आलेखाचं वर्णन वाचलं. मी इंजिनिअर, आलेखातला एकही आकडा सोडला नव्हता.

“छान आहे,” ते म्हणाले, “पण वर गेला की खाली गेला?”

“काय, सर?”

“आलेख. एका वाक्यात सांग, काय झालं?”

मला सांगता येईना. आकडे सगळे होते, पण एकूण काय झालं हे कुठेच नव्हतं. या परीक्षेच्या गुणांकनाच्या निकषांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: तपशील नुसते ओळीने मांडले आणि एकंदर चित्र दिलं नाही, तर त्या निकषावर पाचच्या आसपास अडकता. नोकरीत पुढे मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कलाभवनातल्या एखाद्या पेपराचाही झाला नसेल. वरिष्ठांना मेल लिहिताना आधी काय झालं ते एका वाक्यात, मग आकडे.

मग त्यांनी निबंध वाचला. विषय होता, म्हाताऱ्या माणसांनी कुटुंबात राहावं की वृद्धाश्रमात, तुम्ही कितपत सहमत आहात? माझा निबंध साच्यातला. फायदे होते, तोटे होते, नाण्याच्या दोन बाजूही होत्या. मास्तरांनी चष्मा काढला.

“हे सगळं क्लासचं झालं. तुझं काय म्हणणं?”

“म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं...”

“बरं, इंग्रजी सोड. मराठीत सांग.”

मी गप्प. गुजरातीतही सांगता आलं नसतं. त्या दिवशी कळलं की माझी अडचण इंग्रजीची नव्हतीच. मला मतच नव्हतं. असणार तरी कुठून? एकवीस वर्षांत मला कुणी ते विचारलं नव्हतं. शाळेत उत्तर पुस्तकात असायचं. घरात मोठी माणसं ठरवायची आणि ठरवलेलं चांगलंच असायचं. कुठली शाळा, कुठली शाखा, कुठला देश, यातलं एकही मी “कितपत सहमत आहे” असं कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

गंमत म्हणजे वाचनाच्या भागात मी याच्या बरोबर उलट वागत होतो. तिथे विधान बरोबर, चूक की “उताऱ्यात दिलेलं नाही” असा एक प्रश्नप्रकार असतो. उतारा विजेबद्दल असला की मला पदरचं ज्ञान आठवायचं आणि मी उताऱ्यात नसलेली गोष्ट “बरोबर” म्हणून टाकायचो. मास्तर म्हणाले, “जिथे तुझं मत नको तिथे घुसवतोस आणि जिथे हवं तिथे दुसऱ्याचं लिहितोस. एवढं उलटं कर, सहाच्या वर जाशील.” आणि जाता जाता म्हणाले, “आपले महाराज बाराव्या वर्षी कवळाण्याहून इथे आले तेव्हा त्यांना शाळा माहीत नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चारही भाषा इथे आल्यावर शिकले. तुला तर तीन फुकटात मिळाल्यात.”

त्यांनी काम दिलं ते असं. रोज घरातल्या एका माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल दहा वाक्यं. शब्द यादीतले नकोत, खोटा प्रवास नको. पहिल्या दिवशी आजीवर लिहायला बसलो. माझ्या जन्मापासून ती त्याच घरात आहे, तिच्याच हातचं खाऊन मोठा झालो. चार वाक्यं झाली. ती म्हातारी आहे. ती प्रेमळ आहे. ती चांगला स्वयंपाक करते. ती लवकर उठते. पाचवं येईना. घड्याळ लावून बोलून पाहिलं, तर अठ्ठावीस सेकंदांत आजी संपली.

मग मी वही घेऊन तिच्यापाशी जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती.

“आजी, तू इथे आलीस तेव्हा कशी होतीस?”

ती हसली. “आज काय नवीन काढलंस? परीक्षेत मी येणारे होय?”

आजी साताऱ्याकडची. सातवीची फायनल झालेली, पुढे शिकायचं होतं, पण १९५५ साली सतराव्या वर्षी लग्न होऊन बडोद्याला आली. तेव्हा हे मुंबई राज्य होतं. पाच वर्षांनी ते गुजरात झालं आणि आजी घरातल्या घरात परराज्यात गेली. गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने दारातून विचारलं, “नवरा छो?” म्हणजे रिकाम्या आहात का. आजीने पदर सावरून सांगितलं, “नाही, कचेरीत गेलेत.” शेजारीण सबंध आळीला सांगत सुटली. खंडेराव मार्केटमध्ये जाऊन आजी म्हणाली, भाजी द्या, तर भाजीवाल्याने मेथीची जुडी हातात ठेवली. गुजरातीत भाजी म्हणजे पालेभाजीच, बाकी सगळं शाक. तिला हवी होती वांगी.

“मग ग?”

“मग काय, आठ दिवस मेथीच खाल्ली. तुझे आजोबा चिडले.”

त्यानंतर तिने एक नेम केला. रोज घरातून निघताना एकच नवं वाक्य ठरवून जायची आणि मार्केटात ते कुणाला तरी बोलून दाखवायचीच. चुकलं की भाजीवाला हसायचा आणि बरोबर करून द्यायचा. “हसला म्हणजे बरोबर सांगणार,” असं तिचं गणित. “जो हसत नाही तो सांगतही नाही.” लिपी शिकली ती बाबांच्या पहिलीच्या पुस्तकावरून. बाबा रात्री धडा गिरवायचे, ते झोपले की आजी गिरवायची. मी तिला रोज सकाळी गुजराती पेपर वाचताना बघत आलो होतो. ती तो कधी शिकली असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्या हिवाळ्यात आमचा नियमच झाला. संध्याकाळी दिवा लावून झाला की आजी मराठीत एक प्रश्न विचारायची आणि मी दोन मिनिटं इंग्रजीत उत्तर द्यायचो. तिला इंग्रजी कळायचं नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि बरोबर सांगायची, “आता पाठ केलेलं बोलत होतास.” परीक्षकांनाही हे असंच कळतं, हे मला पुढे समजलं. पाठांतराचा सूर वेगळा लागतो. ते माणसाचा उच्चार साहेबासारखा आहे का हे बघत नाहीत, बोललेलं कळतंय का ते बघतात. मत कुठल्या बाजूचं आहे याचे गुण नाहीत. ते आहे का, आणि त्याला आधार काय दिलाय, याचे आहेत.

असंच एकदा आजीने विचारलं, “तुला जायचंय का रे तिकडे?”

मी इंग्रजीत सुरुवात केली. तिने हात वर केला. “हे मराठीत सांग.”

मला सांगता आलं नाही. पण या वेळी गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. आता माझ्याकडे मत होतं आणि ते बोलायची भीती वाटत होती.

जानेवारीत दुसऱ्यांदा परीक्षा दिली. लेखनात दोन्ही कामांची जागा ओळखून वेळ वाटला: आलेखाला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस. “प्लेथोरा” एकदाही लिहिलं नाही. बोलण्याच्या परीक्षेत कार्ड आलं ते तुमच्या शहरातल्या एखाद्या जुन्या इमारतीचं. पाठ केलेल्या तीसांत ताजमहाल होता. मी खंडेराव मार्केट सांगितलं. पुढे महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजीबाजार, आणि त्या बाजारात वांगी मागायला गेलेली सतरा वर्षांची सासुरवाशीण. मेथीपाशी परीक्षक बाई हसल्या. काळाची रूपं दोन ठिकाणी चुकली, ती बोलता बोलताच लक्षात आली. पण थांबलो नाही. दोन मिनिटं झाली तेव्हा त्यांनाच मला थांबवावं लागलं.

निकाल आला: ऐकणं साडेसात, वाचन साडेसात, लेखन साडेसहा, बोलणं सात. एकूण सात. बाबांनी पेढे आणले, गणेशोत्सव मंडळातल्या सगळ्यांना सांगून आले.

आणि आता ते लांबलचक उत्तर. त्याच वर्षी ब्रिटनने एक नियम बदलला. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं तिथे राहून नोकरी करता येईल अशी जी व्हिसाची सोय होती, ती एप्रिल २०१२पासून बंद होणार होती. ती २०२१मध्ये वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झाली, पण तेव्हा तसं होईल हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमचा सगळा हिशोब त्या दोन वर्षांच्या पगारावर उभा होता. क्लासमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मलाही डिसेंबरपासून माहीत होतं.

पेढे संपल्यावर दोन दिवसांनी मी एक कागद घेतला आणि चाळीस मिनिटं लावून बसलो. साच्याशिवाय, परीक्षेला लिहितात तसंच, पण मराठीत. प्रश्न काय आहे. जाण्याच्या बाजूने काय आहे. विरोधात काय आहे: पंधरा लाख, घर, बाबांची उरलेली सहा वर्षांची नोकरी, आणि तिथे नोकरी न मिळता परत आल्यास इथल्या पगारातून बसणारा हप्ता. कॅम्पसमधून एका सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी हातात होती, तो पगारही लिहिला. शेवटी माझं म्हणणं: आत्ता जाऊ नये.

तो कागद मी बाबांना वाचून दाखवला. माझा आवाज कापत होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे नाही?”

“आत्ता नाही, बाबा.”

ते उठून बाहेर गेले. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, पेढे वाटले होते, आता प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला लागणार होतं. मला फार अपराधी वाटायचं. दोनदा वाटलं, जाऊन सांगावं, चला जातो. नवव्या दिवशी रात्रपाळीहून आले आणि चहा घेताना म्हणाले, “तो कागद कुठंय? बघू परत.” चष्मा लावून त्यांनी हप्त्याचा हिशोब दोनदा केला. माझी व्याजाची एक चूक काढली. खरा हप्ता मी लिहिलेल्यापेक्षा जास्तच निघाला. कागदाची घडी करून कपाटात ठेवली. पुढे मंडळातल्या कुणीतरी “काय, राहिलं का मुलाचं?” म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “राहिलं नाही, त्याने ठरवलं.”

निर्णय बरोबर होता का? आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्या बॅचचे तिघे त्या वर्षी गेले. एक तिथेच रमला, दोघे परत आले, त्यांतल्या एकाने कर्ज फेडायला बरीच वर्षं घालवली. मी गेलो असतो तर यांपैकी कोण झालो असतो, कोण जाणे. माझं आयेल्ट्सचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी, म्हणजे २०१४च्या सुरुवातीला, नियमाप्रमाणे बाद झालं. तोवर मी परदेशी ग्राहकांशी रोज तासतासभर बोलत होतो आणि प्रत्येक बैठकीत एक वाक्य हमखास ऐकत होतो: तुला काय वाटतं? हुशार मुलं तिथे अडखळताना मी पाहिलीत. इंग्रजी त्यांना माझ्याहून चांगलं येतं.

आजी २०१८मध्ये गेली. तिच्या उत्तरांची वही माझ्याकडे आहे. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत आणि मध्येच भाजीवाल्याची वाक्यं गुजरातीत.

हे एवढं लिहून झाल्यावर परवा मी पुतणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “म्हणजे मी जाऊ नको?”

“तसं कुठे म्हटलं? तुझं काय म्हणणं?”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ती बोलायला लागली. कुठला कोर्स, तोच का, पैसे कसे उभे करायचे, नोकरी नाही मिळाली तर काय. जायचंय तिला. मराठीत सुरू केलं, मध्ये गुजरातीत गेली, दोनदा अडखळली आणि पुढे निघाली. मी सवयीने घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी तिला थांबवलं नाही.